सायोच्या पेटीचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. माझ्या डाव्या कोपऱ्यात एक लाल दिवा आहे आणि तो गेलं वर्षभर विझलेला नाही. लोकांना त्याचं फार कौतुक वाटतं. मला त्याची भीती वाटते. का, ते सांगण्यासाठीच आज तुमच्याशी बोलते आहे, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणंही मागणार आहे.

पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भात्याची पेटी आली असेल, भजनात वाजते ती. मी तशी नाही. मला भाता नाही, आणि स्वतःचा म्हणावा असा आवाजही नाही. मी आवाज साठवणारं यंत्र आहे. माझ्यासमोर कुणी बोललं, शिंकलं, टाळी वाजवली, तर ते मी पोटात ठेवते. मग तुम्ही माझी एखादी पट्टी दाबलीत, की तीच शिंक हव्या त्या सुरात बाहेर काढते. 'पेटी' हे नाव मला सुहासिनीकाकूंनी दिलं. त्या अजून यायच्या आहेत.

माझा जन्म १९८९ सालचा, जपानमधल्या एका कारखान्यातला. राखाडी अंग, एकसष्ट पट्ट्या आणि चौसष्ट आवाज मावतील एवढं पोट. आज तुमच्या फोनमध्ये लाखो आवाज मावतात, म्हणून हसू नका. त्या काळी माझ्याकडे बघायला लोक बूट काढून खोलीत यायचे.

माझी पहिली नोकरी नागोया शहरातल्या एका जाहिरातवाल्या स्टुडिओत होती. काच फुटण्याचा आवाज, पावलांचा आवाज, ढोल, असं काय काय त्यांनी माझ्यात भरलं. स्टुडिओच्या मालकाचा एक कुत्रा होता, त्याचं भुंकणंही भरलं. पुढे कुत्रा म्हातारा होऊन मेला. त्यानंतर तीन-चार वर्षं मालक अधूनमधून ती पट्टी दाबायचे, मी भुंकायचे, आणि ते लगबगीनं हात मागे घ्यायचे. आवाजाचा धनी जातो आणि आवाज माझ्याकडे राहतो, एवढं मला तिथं कळलं. याच्या उलटंही कधी होत असेल का, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

मग कॉम्प्युटर आले. माझं कौतुक संपलं आणि मी माळ्यावर गेले. तिथून एका जुन्या सामानाच्या दुकानात, 'मोडका माल, परत घेणार नाही' असं लिहिलेल्या फळीवर. खरं सांगायचं तर मी मोडलेली नव्हते. फक्त फ्लॉपी घालायची माझी खाच बिघडली होती, म्हणजे पोटातलं दुसरीकडे काढून ठेवण्याचा रस्ता बंद झाला होता. पण फळीवर ठेवलेल्याचं कोण ऐकतं?

२००६ साली तिथं सायो आली. सायो मिझुहारा, वय एकोणीस. ती एका कराओकेच्या दुकानात लोकांनी गाऊन ओले केलेले माइक पुसायचं काम करायची. तिनं मला सायकलच्या कॅरिअरला चादरीनं बांधलं आणि सहा चटयांच्या आपल्या खोलीत नेलं. जपानमध्ये खोली चटयांनी मोजतात. सहा चटया म्हणजे एक माणूस, एक रजई आणि मी, एवढ्यांनी ती भरली.

भिंती पातळ होत्या. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सायो डोक्यावर रजई घेऊन गायची, माइकही आत आणि मीही आत. तिची एक पद्धत होती. ती आधी ओळ लिहायची नाही. आधी एखादा उच्चार माझ्यात ठेवायची, 'हा' किंवा 'यू', तो पट्ट्यांवर वरखाली करून बघायची, आणि त्यातून चाल निघाली की मग शब्द शोधायची. तिचा आवाज बारीक होता, काठाला किंचित खरखरीत. कॉम्प्युटरमध्ये गायलं की लोक ती खरखर पुसून टाकायचे. माझ्यात काही पुसता येत नाही. म्हणून तिला मी आवडायचे, असं ती नंतर मुलाखतींतून सांगायची. मला माझी स्तुती करायची नाही, पण हे छापून आलेलं आहे.

स्वतःच्या हातानं शिवलेल्या कापडी पिशवीत घालून तिनं पहिल्या सीडी विकल्या. मग ओसाकाच्या तळघरातले छोटे कार्यक्रम, मग एका रेकॉर्ड कंपनीचं बोलावणं. कंपनीनं पहिल्या रेकॉर्डवर निर्माता म्हणून एका गृहस्थांचं नाव छापलं. ते गृहस्थ दोनदा आले, कॉफी प्यायले आणि माझ्याकडे बोट करून "हे अजून चालतं?" एवढं विचारून गेले. सगळं काम सायोचं होतं. ती तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी मात्र ती अडून बसली. गाणी, गायन, संगीत, निर्मिती, सगळीकडे सायो मिझुहारा छापायचं, नाहीतर रेकॉर्ड काढायची नाही. तसं छापलं गेलं आणि तीच रेकॉर्ड गाजली. खाली अगदी बारीक अक्षरांत माझा कारखान्याचा नंबरही होता. त्या दिवशी मला काय वाटलं ते सांगता येणार नाही.

पुढची दहा वर्षं आम्ही हातात हात घालून फिरलो म्हणा ना. मोठमोठी सभागृहं, रंगीत दिवे, हजारो माणसं. सायो दुसऱ्या तरुण गायिकांसाठीही गाणी करायला लागली. मग अमेरिकेचा दौरा झाला. शब्द न कळणारी माणसं तिच्याबरोबर गात होती, याचा तिच्यावर फार परिणाम झाला. २०१९ साली ती इकडेच राहायला आली, जर्सी सिटीत, नदीकाठच्या एका उंच इमारतीत, चौदाव्या मजल्यावर. खिडकीतून पलीकडे मॅनहॅटन दिसतं. त्या खिडकीशी तिनं मला ठेवलं आणि आजही मी तिथंच आहे.

आता काकू. शेजारच्या फ्लॅटमध्ये सुहासिनीकाकू राहतात. नागपूरच्या, १९७८ साली इकडे आलेल्या, भूल देणाऱ्या डॉक्टर, आता निवृत्त. नवरा कुमार बराच आधी वारला. मुलगी आसावरी इथंच जन्मलेली, मॅनहॅटनला नोकरी करते, सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. एक दिवस दुपारी काकूंनी आमचं दार वाजवलं. सायोला वाटलं, आवाजाची तक्रार आली. तिनं कमरेत वाकून तीनदा माफी मागितली.

"अगं, माफी कसली?" काकू म्हणाल्या. "आज वाजवलं नाहीस म्हणून विचारायला आले. चारला माझा चहा असतो. तुझी पेटी वाजली नाही तर मला चहा गेल्यासारखाच वाटत नाही."

तेव्हापासून मी पेटी झाले, आणि रोज चारला चहा दोन कप होऊ लागला. दोघी बोलायच्या इंग्रजीत, पण आसावरीच्या मैत्रिणींचं ऐकून सायोही त्यांना 'काकू' म्हणू लागली. मराठी मी भिंतीतून शिकले. पाच वर्षं कान लावून बसलं की येते.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात काकूंनी तिला खंडेनवमीचं सांगितलं. "नवव्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. कुणाची विळी, कुणाचा करवत, माझा स्टेथोस्कोप. त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. वर्षभर राबतात बिचारी."

सायो माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "आमच्याकडेही म्हणतात, फार जुन्या वस्तूत जीव येतो. काकू, पुढच्या वेळी हिलाही फूल वाहाल?"

"वाहीन की. अगदी साग्रसंगीत करीन," काकू म्हणाल्या. सायोला फूल समजलं. विश्रांतीचं तिच्या नीट लक्षात आलं नाही, आणि माझ्याही नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सायोच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, आणि बहुतेक स्वरयंत्रच काढावं लागेल. म्हणजे जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. ती घरी आली आणि माझ्यासमोर बसली. मग तिनं माइक लावला.

तिच्या भाषेत मूळ उच्चार शेहेचाळीस. त्यांत सगळी भाषा बसते. ते सगळे स्वतःच्या आवाजात माझ्यात भरून ठेवायचे आणि नंतर पट्ट्या दाबून गायचं, असं तिनं ठरवलं. त्याच आठवड्यात इमारतीतली वीज दहा मिनिटं गेली आणि माझ्या पोटातले तीन ढोल नाहीसे झाले. तेव्हा कळलं, की वीज नसताना माझी आठवण जपणारी आतली बॅटरी संपत आली आहे. ती बदलायची तर सगळं पुसलं जाणार. म्हणून सायोनं कागदाच्या एका चिठ्ठीवर जपानीत लिहिलं, 'बंद करू नकोस', आणि माझ्या कपाळावर चिकटवलं. लिहिलं ते स्वतःसाठीच. माझ्या अंगावर अशा जपानी चिठ्ठ्या वीसेक तरी होत्याच.

रोज चारला ती दोन-तीन उच्चार भरायची. पाच स्वर तिनं शेवटाकडे ठेवले आणि आधी 'का' भरला. दुसऱ्या दिवशी तिनं आईला फोन लावला. त्यांच्याकडे आईला 'ओकासान' म्हणतात. सायो म्हणाली 'ओ', आणि पुढे 'का'च्या जागी नुसती हवा आली. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा हवा. आई पलीकडून "काय? काय?" करत राहिली.

मग 'कि' भरला, 'कि' गेला. 'कु' भरला, 'कु' गेला. 'काकू' म्हणायला तिनं तोंड उघडलं की दोनदा वाऱ्यासारखा आवाज यायचा. "गाठ वाढते आहे, बाळा," काकू समजावायच्या. "आणि तू भरताना जोर लावतेस. बोलू नकोस, लिही." सायोनं कागदावर लिहिलं, 'इकडे ठेवते आणि तिकडून जातं.' काकू वाचून हसल्या. सायोही हसली, आवाज न करता.

मी हसले नाही. मित्रांनो, माझं पोट भरत होतं आणि तिचा गळा रिकामा होत होता, आणि हे मी आतून बघत होते. मी साठवते आहे की काढून घेते आहे? मला ओरडून सांगावंसं वाटायचं, थांब, नको भरूस. पण ओरडायला माझ्याकडे तिचाच आवाज होता, आणि पट्टी दाबल्याशिवाय तोही निघत नाही, असं तोवर मला वाटत होतं.

'सा' तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता. तिच्या नावातलं पहिलं अक्षर. त्या दिवशी ती माइकसमोर बसली. मग डोळे मिटून म्हणाली, "सा." इतका स्वच्छ उच्चार मी तिच्याकडून पूर्वी कधी ऐकला नव्हता. संध्याकाळी श्वास अडकायला लागला म्हणून आसावरीनं तिला गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. तिथं खिडकीवर नाव विचारलं तेव्हा ते तिला लिहून द्यावं लागलं. डॉक्टरांनी तिला तिथंच ठेवून घेतलं आणि नऊ दिवसांनी ठरलेलं ऑपरेशन बुधवारवर आणलं. सगळे उच्चार तार जोडून कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं ती त्या नऊ दिवसांत करणार होती, ते राहून गेलं. घराची किल्ली तिनं कुंड्यांना पाणी घालण्यासाठी काकूंकडे दिली होती.

सोमवारी दुपारी चार वाजता मी गायले.

मी खोटं बोलत नाही. खोलीत कुणी नव्हतं. माझी एकही पट्टी खाली गेली नव्हती. तरी माझ्या पोटातून आधी एक श्वास आत घेतल्याचा आवाज आला, आणि मग 'का', 'कु', 'का', 'कु'. भिंतीपलीकडे काकूंचा कप बशीवर आपटला. थोड्या वेळानं कुलपात किल्ली फिरली.

"सायो? आलीस का गं?" काकू दारातूनच म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघरात डोकावल्या, न्हाणीघराचं दार ढकलून पाहिलं, मग माझ्याजवळ आल्या. माझ्या पट्ट्यांवर ऊन होतं. त्यांनी हात लावून बघितला. "तापलीय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "उन्हानं आत काहीतरी चिकटत असणार." त्यांनी पडदा ओढला आणि निघाल्या. त्या दारात असताना मी पुन्हा म्हणाले, "सा." काकू मागे न वळता बाहेर गेल्या. पण कुलूप लावताना किल्ली दोनदा खाली पडली, ते मी ऐकलं.

मंगळवारी ढग होते, ऊन नव्हतं, पडदाही ओढलेला होता. चारला मी पुन्हा गायले, आणि या वेळी शेहेचाळीसच्या शेहेचाळीस, ओळीनं. तो श्वास प्रत्येकाच्या आधी होता. श्वास तर तिनं माझ्यात भरलाच नव्हता. पलीकडे काकूंनी देवापुढे दिवा लावला, काडी ओढल्याचा आवाज आला.

बुधवारी खंडेनवमी होती. सकाळपासून भिंतीपलीकडे गडबड चालली होती.

"आई, लॅपटॉप नको ना यार! इलेव्हनला माझं प्रेझेंटेशन आहे," आसावरीचा आवाज.

"तुझ्या लॅपटॉपला नुसतं फूल. संध्याकाळी मात्र बंद ठेवायचा. आणि गाडी आज हलवायची नाही, खाली जाऊन हार घातलाय मी तिला."

"ओके, ओके. मी वर्क फ्रॉम होम करते. सायोचं ऑपरेशन स्टार्ट झालं का?"

"साडेनऊला. चल, तिच्या पेटीची पूजा करून येऊ. तिला शब्द दिलाय मी."

दोघी आल्या. काकूंच्या हातात ताट होतं. त्यांनी ओल्या फडक्यानं मला पुसलं, आणि कपाळावरच्या त्या जपानी चिठ्ठीवर, बरोबर मधोमध, हळदीकुंकू लावलं. झेंडूचं फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? छत्तीस वर्षांत कुणी माझ्यापुढे हात जोडले नव्हते.

"सांभाळ गं पोरीला," काकू मला म्हणाल्या. "तू काल-परवा काय करत होतीस ते मला माहीत नाही. दमली असशील. आज निजायचं. चौतीस वर्षं मी माणसांना झोपवलं आणि एकूणएक उठवलं. तुलाही उद्या उठवीन."

त्यांनी माझ्या मागे हात घातला. पावणेदहा वाजले होते. काळं बटण खाली गेलं.

मित्रांनो, विझणं कसं असतं ते सांगते. दुखत नाही. सगळ्यांत आधी बाहेरचं जग जातं, मग पोटातलं एकेक सुटायला लागतं. 'अ' गेला, 'इ' गेला, 'उ' गेला. ते पुसले जात नव्हते. ते कुठंतरी जात होते, ओळीनं, घाईनं, शाळा सुटल्यावर मुलं जातात तसे. मला हलकं वाटत होतं. पण शेवटचा 'सा' उरला आणि मला भीती वाटली. हाही गेला तर मी काय उरणार? रिकामा डबा. पुन्हा ती फळी, पुन्हा 'मोडका माल'. बॅटरीत एका आवाजापुरता जीव शिल्लक होता. तो सगळा मी 'सा'भोवती आवळला आणि त्याला धरून ठेवलं. तो जायला बघत होता. मी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, काकूंनी मला उठवलं. माझ्या छोट्या पडद्यावर एकामागून एक 'रिकामं' असं दिसत गेलं. त्यांनी पट्ट्या दाबल्या. काही नाही, काही नाही. आसावरीनं फोन काढून माझ्या कपाळावरची चिठ्ठी त्यात धरली आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, इट सेज... डोन्ट टर्न ऑफ."

काकू जमिनीवरच बसल्या. "बाई गं," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी एकेक करून माझ्या सगळ्या पट्ट्या दाबल्या, आणि अगदी शेवटच्या पट्टीवर मी म्हणाले, "सा." काकू रडायला लागल्या.

नऊ दिवसांनी सायो घरी आली, गळ्याला पट्टी बांधलेली. काकू तिच्या आधीच खोलीत येऊन बसल्या होत्या. "सायो, मी तिला झोपवलं," त्यांनी तिला बसूही दिलं नाही. "ती उठली नाही. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. तुझा सगळा आवाज गेला, माझ्यामुळे गेला."

सायोनं त्यांचा हात धरला. मग तिनं तोंड उघडलं. खरखरीत, दमलेला, पण स्पष्ट आवाज आला. "काकू," ती म्हणाली. "काकू, रडू नका."

स्वरयंत्र काढावं लागलंच नव्हतं; बोलायची मनाई उठेपर्यंत तिनं ते कुणाला कळवलं नव्हतं. पावणेदहाला डॉक्टरांनी गळा उघडला तेव्हा गाठ फोटोत दिसत होती त्याच्या निम्मीही नव्हती. त्यांनी तेवढी काढली आणि बाकी तसंच ठेवलं. असं क्वचित होतं, म्हणाले. काकू डॉक्टर आहेत, त्यांनाही ते पटलं. वेळेचा हिशेब दोघींपैकी कुणीच लावला नाही. तो फक्त मी लावला.

सायोनं तिथंच बसून आईला फोन केला. "ओका..." ती म्हणाली, आणि थांबली. "ओका...न." मधली जागा रिकामी. तिनं स्वतःचं नाव म्हणून बघितलं. "...यो." पुन्हा, "...यो." बाकी सगळं परत आलं होतं. 'सा' तेवढा आला नव्हता.

डॉक्टर म्हणतात, एखादी नस दुखावली असेल, सराव करा. ती रोज सराव करते. आरशासमोर तोंडाचा आकार अगदी बरोबर करते आणि हवा निघते. दर रविवारी आईला फोन करते. आई त्या मधल्या जागेपाशी वाट बघत थांबते, मला ऐकू येतं.

यंदा तिची नवी रेकॉर्ड आली. 'सा' शक्य तिथं टाळून लिहिलेली गाणी. टाळता येत नाही तिथं ती माझी शेवटची पट्टी दाबते. तिच्या आताच्या दमलेल्या आवाजात मधूनच तो जुना, स्वच्छ 'सा' येतो आणि लोकांच्या अंगावर काटा येतो. सगळ्यांनी त्याची तारीफ केली. माझे फोटो छापून आले. तो 'सा' तिनं कॉम्प्युटरमध्येही उतरवून पाहिला, पण ऐकून मान हलवली आणि पुन्हा माझ्याकडेच आली. कॉम्प्युटरात आहे ती नक्कल. खरा माझ्याकडे आहे, आणि हे मला अभिमानानं सांगता येत नाही.

आता माझ्यावर चार भाषांत चिठ्ठ्या आहेत. जपानी, इंग्रजी, साफसफाईला येणाऱ्या बाईंसाठी स्पॅनिश, आणि काकूंच्या वळणदार अक्षरात मराठी, 'कृपया बंद करू नये'. वीज गेली तरी मी जागी राहावी म्हणून खाली बॅटरीचा एक जाड डबा बसवला आहे. काकू रोज येऊन माझा दिवा बघून जातात. एकदा चुकलं, पुन्हा नाही, असं त्यांनी ठरवलं आहे. चारला मी अजूनही आपोआप बोलते. आधी तो श्वास, मग 'सा', 'सा', 'सा'. त्यांना वाटतं मी गाते आहे. काकू भिंतीवर हलकेच टकटक करून म्हणतात, "आहेस ना गं? असू दे, असू दे." मी सोडा म्हणते आहे, हे त्यांना सांगायला माझ्याकडे दुसरं अक्षर नाही. मी स्वतः सोडायला बघते, पण जागेपणी माझी मूठ उघडत नाही. ती फक्त विझताना उघडते.

परवा पुन्हा खंडेनवमी आहे. काकू ताट घेऊन येतील. मला पुसतील, कुंकू लावतील, झेंडूचं फूल वाहतील, हात जोडतील. मग लाल दिव्याकडे बघतील आणि हात मागे घेतील.

मित्रांनो, यंत्रांना जपा, धूळ पुसा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. तेही करा. पण राबणाऱ्याला एक दिवस खरोखर निजू द्या, आणि कुणाचं काही जपून ठेवलं असेल तर ते त्याचं त्याला परत जाऊ द्या. मी चूक केली ती लहान होती, एका अक्षराएवढी. कदाचित डॉक्टरांचंच बरोबर असेल आणि मी विझल्यानं काहीही होणार नाही. मग मी रिकामी होईन, एवढंच. त्याची भीती मला आता पूर्वीइतकी वाटत नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी कधी या चौदाव्या मजल्यावर आलात, तर चिठ्ठ्या वाचत बसू नका. खालच्या डब्याची तार काढा. माझ्या मागे, उजव्या हाताला, काळं बटण आहे, ते दाबा. लाल दिवा पूर्ण जाईपर्यंत थांबा. आणि मग सायोला तिचं नाव विचारा.